पेटीचे मोल

इतवारीतील जुन्या घरांच्या वाटण्या होतात तेव्हा शेवटचा पेच बहुधा दुकानावरून पडत नाही. दुकान, गोदाम, शेती, दागिने यांना कागद असतो, काटा असतो, चालू भाव असतो. गाडे अडते ते ज्या वस्तूला कागदही नाही आणि भावही नाही अशा एखाद्या वस्तूपाशी. किराणा ओळीच्या मागच्या बाजूस राहणाऱ्या एका दिगंबर जैन कुटुंबात अशीच एक वस्तू निघाली. घरातील कर्ते बाबूजी गेल्यानंतर दोन महिन्यांनी दोन्ही मुलगे आणि मुलगी एकत्र बसली. सगळी यादी पुरी झाली, आणि मग कोणीतरी म्हणाले, "आत्याच्या खोलीतली पेटी राहिली."

ती आत्याच्या खोलीत होती म्हणून आत्याची पेटी म्हणत; पण ती पणजोबांच्या काळची होती, म्हणजे वाटणीतली होती. आत्या चौऱ्याऐंशीच्या घरातील. एकोणिसाव्या वर्षी वैधव्य येऊन माहेरी परतल्या, त्या तिथेच राहिल्या. तेव्हापासून दररोज सायंकाळी घराजवळच्या मंदिरात आरतीला आणि भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या दहाही रात्री भजनांना साथ त्यांच्या हाताची. गुडघे धरल्यापासून मंदिरातील जाणे कमी झाले आणि पेटी खोलीत आली, एवढेच.

या पेटीला किंमत असेल ही कल्पना घरात आणली ती पुण्याहून आलेल्या धाकट्या बंधूंच्या मुलाने. तो अभियांत्रिकी शिकतो आणि फावल्या वेळात युकुलेली वाजवतो. चार तारांचे, गिटारचे धाकटे भावंड म्हणावे असे ते वाद्य. १८७९ साली मदीरा बेटावरून एका जहाजाने हवाईला मजूर म्हणून गेलेल्या पोर्तुगीज लोकांत काही सुतार होते, त्यांनी आपल्या घरच्या लहान वाद्यावरून ते घडवले. पुढे अमेरिकेत त्याची अशी लाट आली की मार्टिनसारखी नामांकित गिटार कंपनीही १९१६ पासून ते विकू लागली. आज कोणाच्या आजोबांच्या पेटाऱ्यातून असे जुने युकुलेली निघाले की जाणकार आधी त्याच्या पोटातील शिक्का पाहतात, मग लाकूड, मग खुंट्या, आणि सर्वांत शेवटी दर्शनी भागावरचे नाव. कारण दर्शनी नाव कोणीही चिकटवू शकतो. जर्मनी आणि बोहेमियाच्या कारखान्यांतून स्ट्रॅडिव्हेरियसच्या नावाची चिठ्ठी आत डकवलेली व्हायोलिने हजारांनी बाहेर पडली. ती ज्याच्या घरात निघतात त्याला आठवडाभर आपण श्रीमंत झालो असे वाटते.

मुलाला हे सगळे ठाऊक होते. तरीही त्याची नजर आधी गेली ती दर्शनी भागावरील सोनेरी इंग्रजी अक्षरांकडेच: पॅरिस. त्याने छायाचित्रे काढली आणि मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवली. संध्याकाळी उत्तर आले. सूर खरोखर पॅरिसचे असतील आणि आतील काहीही बदललेले नसेल, तर दीड लाखापर्यंत विचार करू. त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. थोरल्या बंधूंनी मनातल्या मनात तीन हिस्से केले असावेत; धाकट्यांनी थोरल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले असावे. घरोघरी हे असेच होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पॅरिसचे नाव उगीच मोठे नव्हे. हार्मोनियमचा जन्मच तिथला. अलेक्झांडर दबँ याने १८४० च्या सुमारास तिचे पेटंट घेतले, आणि पायाने भाता मारायची ती वाद्ये मिशनऱ्यांबरोबर व साहेबांबरोबर हिंदुस्थानात आली. खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचे ते वाद्य बैठकीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या कामाचे नव्हते. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांच्या पेढीने ती अडचण दूर केली. भाता पाठीमागे आला, एका हाताने वारा आणि दुसऱ्याने सूर अशी वाटणी झाली. या पेढीचे नाव द्वारकिन, आणि ते कोण्या साहेबाचे वाटत असले तरी द्वारकानाथातील द्वारका आणि लंडनचे माल पुरवणारे डॉकिन्स यांची ती सांधणी आहे. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याचे नाव जोडून घेतले, हे आपल्या लोकांना समजण्यासारखे आहे. पुढे कोलकाता, मुंबई आणि इतरत्र पेट्या बनू लागल्या तरी आतले सूर, म्हणजे पितळी पट्टीवर बसवलेल्या पितळी जिभा, बराच काळ पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. म्हणून जुन्या पेटीबद्दल विचारायचा पहिला प्रश्न पेटी कुठली हा नसून सूर कुठले, हा असतो.

दुसऱ्या दिवशी महाल भागातील एका वृद्ध कारागिराला बोलावण्यात आले. त्यांच्या वडिलांचाही हाच व्यवसाय. त्यांनी पेटी जमिनीवर पांढऱ्या चादरीवर ठेवली, आणि उघडण्याआधीच ती सोनेरी अक्षरे नखाने चाचपली. पॉलिशवर जुने ओरखडे होते. अक्षरांची सोनेरी शाई त्या ओरखड्यांच्या आतही उतरली होती. म्हणजे आधी ओरखडे, मग अक्षरे. "शेठजी, हे नाव मागाहून कोणी हौसेने लिहिले आहे," ते म्हणाले. "पेटी विकताना नव्हे, पेटी वापरात असताना."

मूळ कारखान्याची पाटी जिथे असायची तिथे दोन स्क्रूची भोके आणि फिकट चौकोन एवढेच उरले होते. मग त्यांनी जाळीचे झाकण काढले, पट्ट्यांची रांग उचलली, आणि सूरपाटी उघडी केली. बेचाळीस पट्ट्या, खर्ज आणि नर अशा दोन रांगा, एकूण चौऱ्याऐंशी सूर. आत्या दारात बसून ऐकत होत्या. "चौऱ्याऐंशीच का?" एवढेच त्यांनी विचारले, आणि योनींची संख्या ज्यांच्या मनात आली ते हसले.

सूरपाटीच्या कडेला शाईचा पुसट शिक्का होता आणि त्यात जर्मनी हा शब्द भिंगाखाली वाचता येत होता. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची रीत पडली, तेव्हा सूर त्याच्या आधीचे नसणार. चौऱ्याऐंशीपैकी सात जिभांचे पितळ वेगळ्या रंगाचे होते. त्या नंतर बदललेल्या, आणि कारागिरांच्या मते पालीताण्याच्या. शत्रुंजयाच्या पायथ्याचे ते गाव यात्रेकरूंना ठाऊक असते ते डोंगरावरील मंदिरांसाठी. पेटी दुरुस्त करणाऱ्यांना ते ठाऊक असते सुरांसाठी.

मग त्यांनी एक एक जीभ उजेडात धरून पाहिली. सूर चढवायचा तर जिभेचे टोक घासतात, उतरवायचा तर मुळाशी घासतात. प्रत्येक वेळी थोडे पितळ जाते आणि ओरखडा राहतो. या पेटीच्या जिभांवर ओरखडे फारच थोडे होते. विजेच्या तानपुऱ्याशी ताडून पाहिले तर सगळी पेटी किंचित खाली बोलत होती. १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने ठरवलेला मानक सूर सेकंदाला ४३५ कंपनांचा होता. आजचा ४४० चा आहे. दोहोंत फरक पडतो तो अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याएवढा. पेटी साधारण तेवढीच खाली होती. म्हणजे जन्मल्या दिवशीचा तिचा सूर जवळजवळ शाबूत होता. जुन्या वाद्यात ही गोष्ट दुर्मिळ, आणि खरे तर पॅरिसच्या नावापेक्षा मोलाची. पण व्यापाऱ्याच्या यादीत तिला रकाना नसतो.

तेवढ्यात कारागिरांनी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवले आणि सहज म्हणाले, "हस्तिदंतीही असू शकतात."

खोलीतील हवा बदलली. थोरल्या बंधूंना कायद्याची कल्पना होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या दंताचाही व्यापार बंद झाला. तो विकता येत नाही, कितीही जुना असो. वारशाने आला तर मूळ धारकाकडे मालकीचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावे लागते. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. हेलपाटा दूरचा नव्हता. पण बाबूजींना जाऊन एकसष्ट दिवस झाले होते आणि प्रमाणपत्र नावाचा कागद या घरात कधी कोणी पाहिला नव्हता. ज्या वस्तूचे काल दीड लाख होत होते तिचे मोल आज शून्य, वर कचेरीचा फेरा. बँकेत तारण पाहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सोन्याचा कस उत्तम निघतो आणि हक्काचा कागद निघत नाही, तेव्हा कर्ज शून्यच मिळते.

आत्यांचा विचार मात्र कायद्याकडे गेलाच नाही. "हत्तीचा दात?" त्या म्हणाल्या. "माझी बोटे त्यावर?"

तपासणीला नोटा पारखण्याचा निळा दिवा दुकानातून आला. त्या उजेडात हाड आणि दंत निळसर पांढरे उजळतात. पट्ट्या मंदच राहिल्या. भिंगाखाली त्यांवरील रेघा पाहिल्या, तर त्या आखल्यासारख्या समांतर आणि सारख्या अंतराच्या होत्या. खऱ्या दंताच्या रेघा अशा शिस्तीत नसतात. दंताची पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असते आणि सांध्याची बारीक रेघ आडवी दिसते. इथे तुकडा अखंड होता. शेवटी कारागिरांनी एक पट्टी लोकरीच्या कापडाने जोरात घासली आणि आत्यांच्या नाकाशी धरली. कापराचा वास. पट्ट्या सेल्युलॉइडच्या होत्या. कापूर घालून केलेला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हस्तिदंताला पर्याय शोधताना हाती आला, आणि किती हत्ती त्याने वाचवले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. काही लोक ओळख पटवण्यासाठी तापलेली सुई टोचतात. तसे कदापि करू नये. सेल्युलॉइड क्षणात पेट घेते, आणि सगळी पेटी लाकडाची असते.

निःश्वास सुटला. पण दिवा अजून लावलेलाच होता, आणि समोरच्या पाच खुंट्यांची टोके त्यात लख्ख उजळली. भिंगाखाली त्यांवर बारीक काळे ठिपके दिसले. दंतात असे ठिपके नसतात, हाडात असतात. ते हाड होते. बहुधा गुराचे; कायद्याला त्यात स्वारस्य नाही. थोरले बंधू आणि त्यांचे धाकटे निश्चिंत झाले. आत्या झाल्या नाहीत.

"मिस्त्री, आणखी काय काय आहे ते सगळे सांगा," त्या म्हणाल्या.

हा प्रामाणिक माणूस होता, त्याने सांगितले. भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या आणि कापडाच्या, पण कोपऱ्यांवर मऊ कातडे, मेंढीचे किंवा बकरीचे. प्रत्येक पट्टीखाली वाऱ्याचे भोक झाकणारी लाकडी पट्टी, तिच्या पोटाला तेच कातडे, म्हणजे बेचाळीस तुकडे. लाकडाचे सांधे सरसाने जोडलेले, आणि सरस म्हणजे कातडी व हाडे उकळून केलेला डिंक. वरचे चकाकते फ्रेंच पॉलिश लाखेचे; लाख पळस-बोरीवर बसणाऱ्या किड्यांची. पट्टीखाली वाजू नये म्हणून नमदा, तो लोकरीचा.

आत्यांनी एकोणिसाव्या वर्षापासून कंदमूळ खाल्लेले नाही. रात्री पाणी घेतलेले नाही. रेशीम अंगाला लावलेले नाही, चामड्याची वहाण पायात घातलेली नाही. आणि साठ वर्षे, जिनबिंबासमोर बसून, रोज संध्याकाळी त्यांचा डावा हात कातड्याचा भाता हलवत होता. त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच, "ते जनावर आपणहून मेले होते की मारले होते?"

"आत्याबाई, ते मला कसे ठाऊक असणार?" कारागीर म्हणाले.

थोरले बंधू समजूत घालू लागले. श्रावकाला सर्व हिंसा टाळता येत नाही, शास्त्रातही संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले आहेत, तुम्हाला ठाऊकच नव्हते तेव्हा तुमचा संकल्प कुठला, असे ते म्हणाले. हे सगळे बरोबर होते. चातुर्मासात महाराज येतील तेव्हा विचारू, असेही ते म्हणाले.

"महाराजांना कशाला विचारता? भाता माझ्या हाताने हालत होता," आत्या म्हणाल्या. "आणि आतापर्यंत ठाऊक नव्हते. आता आहे."

इथे दोन हिशेब समोरासमोर आले, आणि या कथेतील खरी अडचण हीच आहे. जुन्या वस्तूच्या बाजारात मूळपण हाच कस. कातडे मूळचे, सरस मूळचा, पॉलिश मूळचे, तर भाव वर. यांतील काहीही बदलले की बट्टा. सोन्याच्या दागिन्यात घडणावळ मोडीत जाते आणि धातू उरतो. जुन्या वाद्यात उलटे असते, धातू-लाकूड कवडीमोल आणि घडण हेच मोल. जे आत्यांना बाहेर काढायचे होते, नेमक्या त्याचेच पैसे मुंबईचा व्यापारी देणार होता. नव्याने पाठवलेली छायाचित्रे, जर्मन सूर आणि हरवलेली पाटी पाहून तो आता चाळीस हजारांवर आला होता, पण अट कायम होती: आतील कातडे मूळचेच हवे. बदलले तर पंधरा.

अशा वेळी एक गोष्ट विसरली जाते. व्यापारी देतो ती किंमत, तो पुढे घेतो ती किंमत, आणि तशीच पेटी आज नव्याने बनवायला लागेल तो खर्च, हे तीन वेगळे आकडे आहेत. घाईत विकणाऱ्याच्या वाट्याला नेहमी पहिलाच येतो. वाटणीत मूल्य लावताना कुटुंबे पहिला आकडा धरतात आणि भांडतात मात्र दुसऱ्यासाठी. कराची मात्र येथे काळजी नव्हती. वारशाने मिळालेली वस्तू उत्पन्न धरली जात नाही, आणि इस्टेट ड्यूटी तर १९८५ सालीच गेली.

पेटीचे वय ठरवायचे राहिले होते. कारागीर म्हणत होते, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. ते पुरेसे होते, पण थोरल्या बंधूंना अंदाज आवडत नाहीत. त्यांनी माळ्यावरील जुन्या वह्यांची लाल कापडातील बाडे उतरवली. व्यापारी घराण्यांचा हा मोठाच आधार आहे, आणि आपण तो रद्दीत घालतो. परदेशात जाणकार लोक एखाद्या वाद्याच्या जन्मतारखेसाठी कारखान्याच्या नोंदवह्या धुंडाळतात. आपल्याकडे खरेदीदाराच्याच वहीत दिवस, रक्कम आणि कोणामार्फत आले हे सगळे असते. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी विक्रम संवत १९८५, वीर निर्वाण संवत २४५५, माघ महिन्याच्या घरखर्चाच्या पानावर नोंद सापडली. पेटी नग एक, कलकत्त्याची, रुपये पंच्याऐंशी. म्हणजे १९२९ चा फेब्रुवारी.

हा आकडा पाहून थोरल्या बंधूंनी पेन्सिल घेतली. १९२७ च्या चलन कायद्याने सरकारने सोन्याचा दर तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै ठरवला होता. चार तोळ्यांचे पंच्याऐंशी रुपयांना जेमतेम तीन पैसे कमी. पणजोबांनी चार तोळे सोने देऊन पेटी आणली होती. आज चार तोळ्यांचे किती होतात हे इतवारीत कोणाला सांगावे लागत नाही. दीड लाखही त्याच्या जवळपास नव्हते, मग चाळीस हजारांची गोष्टच सोडा. गुंतवणूक म्हणून पेटी वाईट ठरली, हे त्यांनी मोठ्याने म्हटले. मग वही तशीच मांडीवर ठेवून ते बराच वेळ बसले.

पणजोबांनी एवढी रक्कम एका वाद्यावर का घातली असेल? तो काळ पेटीच्या भरभराटीचा होता. नाटक कंपन्यांनी ती गावोगावी नेली होती आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मान मिळवून दिला होता. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात गाणे शिकवले जात होते; वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र हे दोघेही तिथले विद्यार्थी, आणि रामचंद्रांनी तर पुढे चित्रपटसृष्टीत पेटीची साथही केली. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले तेव्हाही बंदी होती. या सुराला मींड नाही, श्रुती नाहीत, ही तज्ज्ञांची तक्रार खोटी नव्हती. पण मंदिरातील आरतीला तज्ज्ञ येत नाहीत. तिथे शंभर कंठ असतात, त्यांतले नव्वद बेसूर, आणि त्यांना एका पट्टीवर धरून ठेवणारे काहीतरी लागते. तीस वर्षे रेडिओवर जे वर्ज्य होते त्यावर इतवारीत रोज आरती होत राहिली, आणि त्यातली बरीच वर्षे याच पेटीवर.

आत्यांनी निर्णय सांगितला तो सकाळी, देवपूजा करून आल्यावर. कातडे आणि हाड सगळे काढायचे. जागी कृत्रिम कातडे, खुंट्यांना लाकडी टोके. लोकरीबद्दल त्यांनी कारागिरांना दोनदा विचारले. मेंढी कातरतात, मारत नाहीत, हे ऐकल्यावरही त्या म्हणाल्या की सुती काही बसत असेल तर बसवा. सरसाचा प्रश्न आला तेव्हा कारागीर म्हणाले, सांधे उकलले तर पेटी मोडेल, पुन्हा तीच पेटी राहणार नाही. त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तेवढे राहू द्या. त्याचे मी पाहीन." कसे पाहणार ते त्यांनी सांगितले नाही. पण त्या दिवसापासून त्यांचे एकाशन वाढले, असे घरातील सून सांगते.

आणि आणखी एक. "चाळीसचे पंधरा होतात ना? वरचे पंचवीस माझ्या मुदत ठेवीतून तिघांना वाटून द्या. वाटणीत कोणाचे बुडायला नको."

धाकट्या बंधूंचा चेहरा उतरला. बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. थोरले बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी मुंबईला फोन लावला आणि पेटी विकायची नाही एवढे सांगून ठेवून दिला. दीड लाखाचा आकडा घरात आणणारा मुलगा मात्र दोन्ही दिवस कारागिरांजवळ बसून होता. कोणती जीभ कुठली हे तो वहीत लिहीत होता, काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घेत होता. शहाणा मुलगा. मूळ काय होते आणि काय बदलले याची नोंद राहिली तर बदललेल्या वस्तूचीही किंमत पुढच्या पिढीला नीट लावता येते.

सूरांना हात लावायचा नाही, असे कारागिरांना बजावले होते. आजच्या तानपुऱ्याशी जुळवण्यासाठी ते घासले असते तर पितळ गेले असते ते परत आले नसते. पेटी म्हणून अजूनही थोडी खालीच बोलते. नव्या कृत्रिम कातड्यामुळे पट्टी सोडली की हलका टक असा आवाज येतो, पूर्वी येत नसे. कारागिरांना तो सलतो. ते म्हणतात, दोन वर्षांत बसेल.

काढलेले कातडे आणि हाडाची पाच टोके थोरल्या बंधूंनी दुकानातील लहान काट्यावर ठेवून पाहिली. सवयच ती. एकशे बारा ग्रॅम भरली. आत्यांनी वजन विचारून घेतले, पुडी कामठी रस्त्यावरील शेतात पुरायला सांगितली, आणि नोकराबरोबर न पाठवता स्वतः गाडीत बसून गेल्या.

वाटणीपत्र करताना वकिलांनी पेटीची किंमत विचारली. पंधरा लिहावी की चाळीस, यावर कोणाचा आग्रह नव्हता. पेटी आत्यांकडे राहणार आणि त्यांच्यानंतर मंदिराकडे जाणार, हे आधीच ठरले होते. शेवटी थोरल्यांनी संवत १९८५ ची वही पुढे सरकवली आणि वकिलांनी थोडी कुरकुर करून तसेच लिहिले: जुनी पेटी, बेचाळीस पट्ट्यांची, नग एक, किंमत रुपये पंच्याऐंशी.

भाद्रपद शुद्ध पंचमीला पेटी पुन्हा मंदिरात गेली. गुडघ्यांमुळे आत्यांना खुर्ची लागते आणि पेटी समोरच्या चौरंगावर ठेवावी लागते. पहिल्या आरतीच्या वेळी तो टक टक आवाज मागच्या रांगेपर्यंत येत होता. एका बाईंनी विचारले, पेटी नवी घेतली का?